सायकल मोडीत घालण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे झाडले जातात, गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या वस्तू खाली उतरतात आणि भंगारवाल्याच्या टेम्पोच्या फेऱ्या वाढतात. त्या टेम्पोत हमखास दिसणारी वस्तू म्हणजे काळी सायकल. टायर कुजलेले, सीटचे चामडे वाळून ताठ झालेले, घंटीत कोळ्याने घर केलेले. वीस-बावीस किलोचा माल किलोच्या भावाने जातो. आलेल्या पैशांतून धड एक टायर विकत येत नाही.

अशाच एका सायकलीबद्दल एका शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात, "वडिलांची काळी सायकल गोठ्यात पडून आहे. थोरल्याची जाड टायरची, गिअरची सायकल अंगणात गंजते आहे. तो आता नोकरीच्या गावी असतो. धाकटा अकरावीत आहे, एस.टी.ने कॉलेजला जातो. त्याने मोबाईलवर क्रूझर नावाची सायकल पाहिली आणि हट्ट धरला की या दोन्ही मोडून मला तशी एक करून द्या. वेल्डिंगवाला वडिलांच्या सायकलीचे नळे कापून, वाकवून द्यायला तयार आहे. मुलगी यंदा आठवीत गेली, हायस्कूल पाच किलोमीटर लांब आहे. काय करावे?"

पत्र वाचून त्या पोराचे कौतुक वाटले आणि वेल्डिंगवाल्याची भीती वाटली.

आधी ही क्रूझर म्हणजे काय ते पाहू. सायकल अमेरिकेतली. शिकागोच्या श्विन कारखान्याने १९३३ साली सव्वादोन इंचाला थोडे कमी, म्हणजे २.१२५ इंच जाडीच्या फुगीर टायरची सायकल बाजारात आणली. १९२९ पासून तिकडे मोठी मंदी होती, लोकांच्या हातात पैसा नव्हता, सायकलींचा धंदा बसला होता. त्यात जुनी टायरे रिमला चिकटवलेली असत आणि त्यांच्या पंक्चरला लोक वैतागले होते. हे नवे टायर जाड, आत वेगळी ट्यूब, खड्ड्यात धक्का कमी. लांब फ्रेम, मागे वळलेले रुंद हँडल, स्प्रिंगची रुंद सीट. बसणारा ताठ बसतो, खुर्चीत बसावे तसा. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाला ब्रेक लागतो. घरोघर पेपर टाकणाऱ्या पोरांची ती आवडती सायकल झाली. मोटारसायकलीसारखी दिसावी म्हणून काहींच्या नळ्यांमध्ये पत्र्याची खोटी पेट्रोलची टाकीसुद्धा बसवलेली असे! हौसेला मोल नसते, ते तिकडेही.

पुढे मोटारी वाढल्या, हलक्या सायकली आल्या आणि या जड क्रूझर तिथल्या अडगळीत गेल्या. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातली काही तरुण पोरे त्या शोधून शोधून स्वस्तात विकत घेऊ लागली. तिथे टॅमल्पाइस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरातल्या कच्च्या वाटांवरून ही पोरे सायकली उताराला सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास वाट आणि तेराशे फुटांचा उतार. खाली पोचेपर्यंत उलट्या पायडलचा ब्रेक एवढा तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा ग्रीस भरणे, असे पडले.

आता त्या पोरांनी काय केले ते नीट ऐका, कारण आपल्या कामाचे तेच आहे. त्यांनी खोट्या टाक्या आणि मडगार्ड काढून टाकले, पण चांगल्या नळ्यांच्या जुन्या फ्रेमा पारखून वेचून घेतल्या. आणि पैसा घातला तो ब्रेकमध्ये. गॅरी फिशर नावाच्या एकाने ड्रमचे ब्रेक बसवले, त्यांना मोटारसायकलीच्या ब्रेकची मूठ लावली आणि गिअर जोडले. जुन्या फ्रेमांनाही मर्यादा आहे हे ध्यानात आल्यावर जो ब्रीझ याने १९७७ साली अशा वाटांसाठी नव्या नळ्यांची मुद्दाम फ्रेम बांधली. तिथून डोंगरी सायकलीचा धंदा उभा राहिला. आपल्या तालुक्याच्या दुकानात टांगलेली जाड टायरची गिअरची सायकल ही त्या भंगारातल्या क्रूझरचीच नात. तिची २६ इंची चाकेही आजीच्याच मापाची आहेत.

म्हणजे पत्रलेखकाच्या अंगणात जी गंजते आहे तीच खरी क्रूझरच्या घराण्यातली. क्रूझर तिची करावी. गोठ्यातल्या काळ्या सायकलीचे नळे कापू नयेत.

का कापू नयेत? जुन्या काळ्या सायकलीचे नळे पातळ आणि आतून पोकळ. ते एकमेकांना सांध्याच्या तुकड्यांत बसवून पितळेने जोडलेले असतात. फाटकाच्या आणि नांगराच्या जाड लोखंडावर काम करणाऱ्याने त्याच यंत्राने तिथे टाका मारला तर नळी जळते, कडेला कमजोर होते. रंग दिल्यावर बाहेरून काही दिसत नाही. ती मोडते ती नेमकी उतारावर, खड्ड्यात. हँडलजवळचा सांधा सुटला तर माणूस तोंडावर पडतो. सजावटीसाठी एवढी जोखीम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी युक्ती पोरांना सुचते ती अशी की काळ्या फ्रेमला नुसती जाड चाके लावावी. ती फसते. काळ्या सायकलीचा दांड्याचा ब्रेक रिमला आतून, हबच्या बाजूने दाबतो. जाड टायरच्या सायकलीचा ब्रेक रिमला दोन्ही कुशीतून दाबतो. चाक कसेबसे बसेलही, पण ब्रेक कशावर लागणार? शिवाय गिअरच्या सायकलीचे मागचे हब रुंद असते, ते घालायला मागचा चिमटा फाकवावा लागतो. रिम बदलून जुने हब ठेवू म्हटले तर काळ्या सायकलीला बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० तारा, तर जाड टायरच्या रिमला ३६ भोके. हिशेब जुळत नाही.

मापांचा घोळ इथेच संपत नाही. टायर घ्यायला जाल तेव्हा '२६ इंची द्या' एवढ्यावर भागवू नका. २६ बाय १ ३/८ चे टायर वेगळे, २६ बाय १ १/२ चे वेगळे आणि २६ बाय १.७५ ते २.१२५ चे आणखी वेगळे. गंमत अशी की अपूर्णांकात लिहिलेला दीड इंच आणि दशांशात लिहिलेला १.५ इंच हीदेखील दोन निराळी टायरे आहेत. एकाच्या रिमवर दुसरे चढत नाही. यावर सोपा उपाय आहे. टायरच्या कुशीवर बारीक अक्षरांत ५०-५५९ किंवा ४०-६३५ असे आकडे असतात. पहिला आकडा जाडी, दुसरा रिमवर बसण्याच्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. काळ्या सायकलीचे २८ बाय १ १/२ म्हणजे ६३५. क्रूझर आणि डोंगरी सायकलीचे २६ म्हणजे ५५९. वर सांगितलेली दुसरी दोन अनुक्रमे ५९० आणि ५८४. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसणार. हे चार आकडे घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावेत.

आता प्रत्यक्ष काम. दोन्ही सायकलींची चाके उतरवा आणि आधी फ्रेमची परीक्षा घ्या. मागचे चाक जिथे अडकते त्या एका खाचेला बारीक दोरा बांधा. तो पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने मागे आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. मधल्या, सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजा. सारखे भरले तर फ्रेम सरळ. अर्ध्या सुताचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा. मग हँडलच्या नळीखालचा सांधा बोटाने चाचपा. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा असेल तर ती सायकल कधीतरी जोरात आदळली आहे. पुढचा चिमटा, म्हणजे दुकानदार ज्याला फोर्क म्हणतो तो, समोरून आणि बाजूने पाहा. त्याचा बाक पुढेच हवा. चिमटा वाकलेला असेल तर ठोकून सरळ करून वापरू नका, दुसरा आणा. शेवटी पायडलच्या आसाखालची नळी पाहा. पावसाचे पाणी तिथे साचते आणि नळी आतून सडते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आत घुसले तर मात्र भंगारवाल्याला हाक मारायला हरकत नाही.

फ्रेम पास झाली की अंगणातल्या सायकलीचे गिअर काढून टाका. तसेही ते मोडलेलेच असतात. मागच्या हबवर आट्यांचे फ्रीव्हील असेल तर दुकानातून ते उतरवून त्याच आट्यांवर साधे एका चकतीचे फ्रीव्हील बसते. पुढच्या तीन चकत्यांपैकी मधली वापरा. ती ३८ दात्यांची असेल आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील घातले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ४.४ मीटर जाते. चढावर दम लागत नाही आणि सपाटीला पायांची फार धावपळ होत नाही. पुढची आणि मागची चकती एका रेषेत आली पाहिजे, नाहीतर चेन उतरेल. आणखी एक पाहा: मागचे चाक अडकवायची खाच लांबट असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर तसे जमत नाही. तिथे चेन ताणणारी छोटी चकती लावावी लागते, किंवा जुन्या गिअरचा मागचा झोका चालत असेल तर तोच एका जागी कायम करून वापरता येतो.

हँडल मागे वळलेले, रुंद घ्या. काळ्या सायकलीचे चालणार नाही, त्याला दांड्यांचा ब्रेक जखडलेला असतो. दुकानात लेडीज सायकलीचे जुने हँडल मिळते. मात्र ते ज्या दांड्यावर बसते तो दांडा त्याच फ्रेमच्या मापाचा हवा. ढिला होतो म्हणून डब्याचा पत्रा गुंडाळून बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. सीटखाली ती एक वेळ खपते, हँडलला कदापि नाही. दांडा नळीत निदान अडीच इंच आत गेला पाहिजे, आणि त्यावर खूण असेल तर ती झाकली गेलीच पाहिजे. हँडल मागे आल्यावर ब्रेकच्या तारा आखूड पडतात. त्या नव्या, लांब घ्या. जोड देऊ नका.

आजोबांच्या सायकलीची स्प्रिंगची सीट मात्र इथे आणावी. चामडे मऊ व्हायला एरंडेलाचा हलका हात पुरतो. फार पाजले तर झोळी होते. कॅरिअरही आणा. ते २८ इंची चाकाच्या उंचीचे असल्याने त्याचे पाय लांब पडतील. वेल्डिंगवाल्याची हौस इथे भागवा, पाय कापून नवी भोके पाडून देईल. घंटी तर आणाच, त्या जुन्या पितळी घंटीचा आवाज आता विकत मिळत नाही. मडगार्ड नवे, रुंद घ्या आणि टायरपासून दोन बोटे अंतर ठेवा. काळ्या रानात चिकण माती मडगार्डात बसली की चाक जागच्या जागी अडते, हे काळ्या मातीत राहणाऱ्यांना सांगायला नको. टायर डांबरी रस्त्यासाठी कमी खाचांचे घ्यावे, ते हलके पळते.

जुने काय चालते याची माझी समजूत साधी आहे. फ्रेम, सरळ चिमटा, हब, क्रँक, दाते झिजून आकडीसारखे वळले नसतील तर चकती, कॅरिअर, स्टँड, घंटी ही जुनीच ठेवा. ब्रेकचे रबर, ब्रेकच्या तारा, टायर-ट्यूब, छर्रे आणि कॉटर पिना नव्याच घ्या. चेनची परीक्षा पट्टीने होते. चेनचा प्रत्येक दुवा अर्ध्या इंचाचा. चोवीस दुवे बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. एक सूत जास्त भरले की चेन गेली. मग चेन आणि फ्रीव्हील एकदमच बदला, जुन्या दात्यांवर नवी चेन कटकट करते. छर्रे घेताना एक जुना नमुन्याला न्या, आणि जुन्यात नवे मिसळू नका. वाटीत एका छर्‍याची जागा मोकळी राहू द्या. ग्रीस ट्रॅक्टरला किंवा पंपाला वापरता ते चालेल. इंजिनातून काढलेले काळे ऑइल मात्र बेअरिंगला नको, त्यात लोखंडाचा कीस असतो.

पायडल खोलताना बरीच मंडळी फसतात. उजव्या पायडलच्या आट्या नेहमीसारख्या, डाव्याच्या उलट्या. डावे पायडल सैल करायचे तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. गंजून बसले असेल तर रात्रभर रॉकेल किंवा डिझेल सोडा आणि सकाळी पाना लावा. जोर लावण्याआधी दिशा एकदा तपासा. रंग देताना पॉलिश पेपरने गंज घासून लाल ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात पुरतात. एकच जाड हात दिला की तो ओघळतो आणि वर्षात पोपडे सुटतात.

राहिली गोठ्यातली काळी सायकल. तिच्या हँडलखालचा बिल्ला पुसून पाहा. वरळीची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस, अशी नावे निघतील. ॲटलसचा शेवटचा चालू कारखानाही २०२० च्या जूनमध्ये बंद झाला. पण या सायकलींची मापे बहुतांशी एकसारखी असल्याने टायर, छर्रे, ब्रेकचे रबर आजही तालुक्याला मिळते. तिला साधी दुसरी सीट लावून ओव्हरऑइलिंग करून घ्या. खरा शब्द ओव्हरहॉलिंग, पण तेल घालण्याचेच काम असल्याने आपल्या मिस्त्रींनी केलेले नाव मला जास्त पटते. दुधाचे कॅन किंवा वैरणीचा भारा वाहायचा असेल तर मागचे फ्रीव्हील बदला. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असले की एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सहा मीटर जाते. ओझ्याला ते भारी पडते. मागे २२ दाते घातले की तेच अंतर पाच मीटरच्या आत येते आणि चढाला उतरून ढकलावे लागत नाही. पावसात लोखंडी रिम ओली झाली की दांड्याचा ब्रेक उशिरा पकडतो. उताराच्या आधीच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घेण्याची सवय लावा.

आता पत्रातला खरा प्रश्न. दोन सायकली उभ्या राहणार, मग कोणती कोणाला? काळ्या सायकलीची फ्रेम बावीस किंवा चोवीस इंची, आडवा नळा उंच. आठवीतल्या मुलीचा पाय उभे राहिल्यावर जमिनीला टेकणार नाही, आणि रस्त्यावर ट्रक मागे आला की ती कावरीबावरी होईल. अंगणातल्या सायकलीचा नळा उतरता, चाके लहान, बसणे ताठ, समोरचे सगळे दिसते. म्हणून क्रूझर मुलीला द्यावी. मुलगा एस.टी.ने जातो आहेच. त्याला आजोबांची सायकल द्यावी, ती त्याच्या उंचीला शोभेल. तो रुसेल हे मला ठाऊक आहे. पण क्रूझर बांधायचे काम त्याच्याच हाती द्या, आणि बहिणीलाही शेजारी बसवून छर्रे मोजायला, चेन घालायला लावा. पाच किलोमीटरच्या वाटेवर चेन उतरली तर ती तिलाच चढवायची आहे. पैसे एकाच सायकलीपुरते असतील तर मुलीची आधी करावी. एस.टी. चुकली तर मुलाला दुसरी गाडी मिळते. मुलीला वाहन नसले की एक-दोन महिने ती पायी जाते, मग पाऊस लागतो, मग घरात काम निघते, आणि शाळेतले नाव कधी कमी झाले ते कुणाच्या लक्षात येत नाही. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात, त्याची चौकशी मुख्याध्यापकांकडे जरूर करा. पण त्यासाठी अंगणातली सायकल तशीच गंजू देऊ नका.

सायकल तयार झाल्यावर पहिले आठ दिवस कॅरिअरवर कुणाला बसवू नये. नव्या तारा आणि पिना जागा धरतात, थोड्या सैल पडतात. आठव्या दिवशी हँडलचा बोल्ट, सीटचा नट आणि दोन्ही चाकांचे नट पुन्हा आवळा. क्रँकला कॉटर पिना असतील तर त्यांचेही. चाक अधांतरी फिरवून ब्रेकच्या रबराजवळ नजर धरा. रिम डावी-उजवी हलताना दिसली तर मिस्त्रीकडून आऊट काढून घ्या. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहा. चाक फिरता कामा नये.

बाभळीच्या काट्यांनी होणारी पंक्चर घरच्या घरी कशी काढावीत, ते पुढच्या अंकी पाहू.